घरी कूलंट बदलताना इंजिनात अडकून राहणाऱ्या जुन्या पाण्याचे काय करावे?

घाटवाट (पुणे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१३ सालची वॅगन आर आहे. इंजिन ९९८ सीसीचे, के-मालिकेतले, आणि सीएनजीची जोडणी कंपनीतूनच झालेली. गाडी आतापर्यंत १,११,००० किलोमीटर चालली आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बदलून घेतले होते. त्या वेळी मी शेजारीच उभा होतो. कारागिराने रेडिएटरच्या खालचा पाइप काढला, निघाले तेवढे द्रव वाहू दिले, पाइप परत बसवला आणि वरून हिरवे कूलंट ओतून झाकण लावले. सारे काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकले.

पुढची चूक मात्र माझी स्वतःची आहे. गेल्या उन्हाळ्यात कूलंटच्या टाकीतली पातळी खालच्या रेघेपर्यंत उतरलेली दिसली, तेव्हा घरात कूलंट नव्हते म्हणून मी सोसायटीच्या नळाचे पाणी भरले, आणि आमच्याकडे मार्चपासून येते ते बोअरचे किंवा टँकरचे. असे तीन वेळा झाले. आता टाकीतल्या द्रवाला कोऱ्या चहाचा रंग आला आहे आणि तळाशी विटकरी गाळ बसला आहे. इंजिन गरम झाल्याचा लाल दिवा अजून एकदाही लागलेला नाही, परंतु गेल्या महिन्यात खंबाटकी घाट चढून वर थांबलो तेव्हा पंखा बराच वेळ बंदच होईना.

या वेळी मी हे काम स्वतः करायचे ठरवले आहे. हत्यारे आहेत, दोन दिवस मोकळे आहेत आणि पार्किंगची जागा सपाट आहे. माझी मुख्य अडचण अशी की, रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये (मुख्य धडात), हीटरमध्ये आणि पाइपांमध्ये जुने द्रव राहतेच. ते कसे काढायचे? दुकानदार फ्लशिंगच्या (आतून धुण्याच्या) रसायनाची बाटली घ्या म्हणतो, ती घ्यावी का? नवीन कूलंट तयार मिश्रणाचे घ्यावे की घट्ट घेऊन पाणी मिसळावे, आणि ते पाणी आरओचे चालेल का? सीएनजीमुळे काही वेगळी काळजी घ्यावी लागते का, हेही कोणी अनुभवी सदस्याने सांगितल्यास उपकार होतील.

कोथरूडचा_चाक

कूलंट बदलण्याआधी पातळी का उतरली, याचा शोध घ्यावा, असे मला वाटते. ही यंत्रणा बंदिस्त असते. वर्षभरात बोटभर पातळी उतरणे समजू शकते, पण एका उन्हाळ्यात तीन वेळा पाणी भरावे लागले असेल तर ते कोठून तरी जात आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी खाली पुठ्ठा सरकवून पाहा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्राशी, होजच्या (रबरी पाइपांच्या) क्लॅम्पांशी आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीच्या सांध्याशी पांढरा किंवा हिरवट सुकलेला थर दिसतो का, तेही तपासा. इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसत असेल, किंवा थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील, तर संशय हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या पट्टीवर) जातो, आणि मग कूलंट बदलून काहीही साधणार नाही.

नट_बोल्ट (सांगली)

वरची सूचना योग्य आहे. तिच्यात मी एक भर घालतो, ती रेडिएटरच्या झाकणाची. या झाकणात दोन झडपा असतात. आतला दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की मोठी झडप उघडते आणि जादा द्रव टाकीत जाते, आणि इंजिन निवले की लहान झडप तेच द्रव परत आत ओढू देते. रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली की ही ये-जा बिघडते, द्रव टाकीतून उतू जाते आणि मालकाला वाटते की गाडी कूलंट पिते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. त्याच आकड्याचे नवीन झाकण घ्या. साऱ्या कामात हा सर्वांत स्वस्त भाग असतो आणि बहुतेक लोक तोच विसरतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. कोणत्या कंपनीचे कूलंट चांगले यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण आत किती जुने द्रव उरले याचा हिशेब कोणी करत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी एकूण क्षमता ४ लिटर धरू. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. समजा, रेडिएटरमधून अडीच लिटर निघाले. म्हणजे दीड लिटर आतच राहिले. तुमच्या त्या गॅरेजने अडीच लिटर नवीन भरले तेव्हा इंजिनात सुमारे ३७ टक्के जुनेच द्रव होते, आणि त्यातली झिजलेली संरक्षक द्रव्ये, गंजाचे कण सारे त्यासोबत होते. कूलंट बदलले असे म्हणायचे, पण ते एक तृतीयांशाहून अधिक जुनेच होते.

यावर उपाय म्हणजे पाणी भरणे, इंजिन चालवून ते फिरवणे आणि पुन्हा काढणे. पहिल्या फेरीनंतर जुने द्रव ३७ टक्के उरते, दुसऱ्या फेरीनंतर १४, तिसऱ्या फेरीनंतर ५ आणि चौथ्या फेरीनंतर साधारण २ टक्के. चौथ्या फेरीपुढे फारसा फायदा नाही. मात्र प्रत्येक फेरीत इंजिन इतके तापले पाहिजे की थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) उघडेल, कारण तो ८० अंश सेल्सियसच्या पुढे जाईपर्यंत बंद असतो आणि तोवर रेडिएटरमधले पाणी ब्लॉकमधल्या पाण्यात मिसळतच नाही. थंड इंजिनात पाणी ओतून लगेच काढणारा माणूस फक्त रेडिएटर धुतो. थर्मोस्टॅट उघडल्याची खूण अशी की, आधी फक्त एकच मोठा होज गरम असतो, नंतर दुसराही हाताला गरम लागू लागतो. हीटरचे बटण पूर्ण गरमच्या बाजूला ठेवा, म्हणजे डॅशबोर्डच्या मागे असलेल्या हीटरमधले जुने द्रवही या अभिसरणात येईल.

प्रत्येक फेरीनंतर इंजिन पूर्ण निवू द्यावे लागते, आणि म्हणूनच हे काम दोन दिवसांचे आहे. गरम इंजिनाचे झाकण उघडल्यास दाबाखालचे पाणी क्षणात उकळून तोंडावर येते. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो. वरचा होज हाताने दाबून पाहावा. तो मऊ आणि कोमट असेल तरच झाकणाला हात लावावा, आणि तोही जाड फडके घेऊन. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि तो केव्हाही फिरू शकतो, म्हणून हात खाली घालताना किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवा.

द्रव काढण्यासाठी रेडिएटरच्या तळाशी प्लॅस्टिकची चावी असते. ती इतक्या वर्षांनी बसून गेली असेल तर पक्कड लावून पिळू नका, कारण ती तुटली की रेडिएटरच काढावा लागतो. त्याऐवजी खालच्या होजचा क्लॅम्प ढिला करा. रबर धातूला चिकटलेले असेल, तर त्याला आधी हळूच फिरवून मोकळे करावे, ओढू नये. खाली रुंद घमेले ठेवा आणि प्रत्येक वेळी निघालेले द्रव मापाच्या भांड्याने मोजून वहीत लिहा. हा आकडा शेवटी लागणार आहे.

फ्लशिंगच्या रसायनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. ॲल्युमिनियमला तीव्र आम्ल सोसत नाही आणि तीव्र अल्कही सोसत नाही. ते रसायन शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन काढण्याची तुमच्याकडे सोय नाही, कारण दीड लिटर आत राहतेच, हे आताच पाहिले. शिवाय दहा वर्षांचा क्षार एखाद्या बारीक छिद्राला बूच लावून बसला असेल, तर तो विरघळल्यावर नवीनच गळती सुरू होते. पाण्याच्या चार फेऱ्या करूनही गाळ येतच राहिला, तर रेडिएटर काढून उलट्या दिशेने धुऊन घ्यावा. सोड्याचा किंवा लिंबाच्या फुलांचा (सायट्रिक आम्लाचा) प्रयोग करू नये.

आता पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. आपल्याकडे गिझरच्या कॉइलवर जो पांढरा कवचासारखा थर चढतो तोच तुमच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये चढतो, आणि तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जपानी पद्धतीच्या कूलंटमध्ये फॉस्फेट असते, ते कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून आणखी गाळ करते. म्हणजे तुम्ही घातलेले संरक्षक द्रव्यच खर्ची पडते आणि वर कचरा तयार होतो. पहिल्या दोन फेऱ्यांना धरणातून येणारे महापालिकेचे नळाचे पाणी चालेल, कारण ते बोअरपेक्षा पुष्कळ मऊ असते आणि पुढच्या फेऱ्यांत बहुतेक निघून जाते. शेवटच्या दोन फेऱ्या मात्र बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरच्याच कराव्यात. आरओचे पाणी डिस्टिल्ड नसते. त्यात क्षार कमी असले तरी असतातच, आणि बऱ्याच घरगुती यंत्रांत तर चवीसाठी ते मुद्दाम परत मिसळलेले असतात. एसीचे टपकणारे पाणी वापरा असे सांगणाराही एखादा भेटतो. त्यात क्षार नसतात हे खरे, पण कॉइलवरची धूळ, बुरशी आणि धातूचा अंश असतो. पाच लिटरच्या कॅनचे चार पैसे वाचवण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

सर्वांत जास्त चुका होतात त्या शेवटच्या भरणीत. चौथी फेरी काढली की इंजिन रिकामे झाले असे वाटते, पण आत दीड लिटर स्वच्छ पाणी उभे असते. आता तुम्ही ५०:५० चे तयार मिश्रण अडीच लिटर ओतले, तर त्यात ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य द्रव) सव्वा लिटरच आले आणि चार लिटरमध्ये त्याचे प्रमाण ३१ टक्क्यांवर घसरले. म्हणून या कामाला घट्ट कूलंटच घ्यावे. चार लिटरच्या निम्मे म्हणजे दोन लिटर घट्ट कूलंट आधी ओतायचे आणि उरलेली अर्धा लिटर जागा डिस्टिल्ड पाण्याने भरायची. आतले दीड लिटर पाणी मिश्रणातला आपला वाटा आपोआप उचलते. बाटली घेताना मागचा मजकूर वाचावा. काहींवर एकास एक प्रमाण लिहिलेले असते, तर काहींवर एकास दोन किंवा एकास तीन, आणि काही बाटल्या घट्ट असल्यासारख्या दिसूनही आतून तयार मिश्रणाच्या असतात.

रंग पाहून कूलंट निवडू नये. हिरवा, निळा, गुलाबी हे फक्त रंगद्रव्य आहे आणि प्रत्येक उत्पादक ते आपल्या मर्जीने घालतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचेच घ्यावे आणि बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ यांसारख्या मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र केल्यास लगेच स्फोट होत नाही, पण दोन्हींचे आयुष्य घटते आणि काही जोड्यांत जेलीसारखा गाळ धरतो.

फियाटप्रेमी (नाशिक)

एवढ्या खटाटोपाची खरोखर गरज आहे का? आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी पंचवीस वर्षे विहिरीच्या पाण्यावर चालली. कूलंट म्हणजे परदेशात पाणी गोठू नये म्हणून घालतात ते अँटिफ्रीझ. नाशिकला थंडी पडते, पण रेडिएटर गोठल्याचे मी ऐकलेले नाही.

नट_बोल्ट (सांगली)

पद्मिनीबद्दल मलाही आदर आहे, परंतु तिचा ब्लॉक बीडाचा (ओतीव लोखंडाचा) होता आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. बीड गंजते, पण जाड असल्यामुळे वर्षानुवर्षे गंजू शकते. रेडिएटर तुंबला की तो कारागिराकडे जायचा, वरची टाकी उकलून नळ्यांत सळई घालायचे, पुन्हा डाख द्यायचे आणि गाडी चालू. आजच्या लहान गाडीच्या रेडिएटरच्या नळ्या पातळ ॲल्युमिनियमच्या आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. त्याला डाख लागत नाही आणि सळईही जात नाही. नुसत्या पाण्यात ॲल्युमिनियम, लोखंड आणि तांबे एकत्र आले की तेथे एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजते ते ॲल्युमिनियम. कूलंटमधली संरक्षक द्रव्ये धातूवर पातळ थर धरून ही झीज थांबवतात. महाराष्ट्रात आपण कूलंट घालतो ते मुख्यतः यासाठी.

दुसरे कारण उकळण्याचे. ०.९ च्या झाकणाखाली नुसते पाणी साधारण ११८ अंशांना उकळते, तर निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण १२५ च्या वर. मे महिन्यात कसारा घाटात एसी लावून चार माणसांसह चढताना तेवढे अंतर उपयोगी पडते. याचा अर्थ जितके जास्त ग्लायकॉल तितके चांगले, असाही घेऊ नये, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा कितीतरी सरस आहे. निव्वळ घट्ट कूलंट भरलेली गाडी उलट जास्त तापते. आपल्या हवेत ४० ते ५० टक्के उत्तम. ३० टक्क्यांच्या खाली गेल्यास गोठण्याची भीती नसली तरी संरक्षक द्रव्ये अपुरी पडतात.

गॅसवर_स्वार (पिंपरी)

घाटवाट, तुम्ही सीएनजीबद्दल विचारले आहे. त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी स्वतःची फजिती तेथेच झाली होती.

सिलिंडर पूर्ण भरलेला असताना त्यात गॅसचा दाब २०० बारच्या आसपास असतो. इंजिनाला लागतो तो अगदी थोड्या दाबाचा. हा दाब उतरवण्याचे काम रिड्यूसर करतो, आणि दाब असा झपाट्याने उतरला की गॅस इतका थंड होतो की रिड्यूसरवर बर्फ धरू शकतो. ते होऊ नये म्हणून इंजिनाच्या कूलंटचे दोन बारीक पाइप रिड्यूसरला जोडलेले असतात आणि गरम कूलंट त्याच्या पोटातून फिरत राहते. थोडक्यात, तुमच्या गाडीतले कूलंट इंजिनाला थंड ठेवते आणि रिड्यूसरला गरम. कूलंट काढल्यावर या दोन पाइपांत हवा भरते. रिड्यूसर रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंचावर असेल, तर ही हवा तेथेच अडकून बसते.

मी कूलंट बदलले, पेट्रोलवर गाडी उत्तम चालली, म्हणून खूश होऊन सीएनजीवर टाकली आणि चाकणच्या रस्त्यावर ती आचके देऊ लागली. बॉनेट उघडले तर इंजिन तापलेले आणि रिड्यूसर मात्र हाताला गार, त्यावर दव साचलेले. मी आधी इंजेक्टरला, मग फिल्टरला दोष दिला. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने रिड्यूसरचा वरचा कूलंट पाइप किंचित सैल केला. थोडा वेळ नुसती हवा फसफसली, मग कूलंटची धार आली, आणि त्याने क्लॅम्प आवळला. दोन मिनिटांचे काम होते. हे अर्थातच इंजिन थंड असताना करायचे.

म्हणून धुण्याच्या सगळ्या फेऱ्या आणि शेवटची भरणी पेट्रोलवरच करा. टाकीत पेट्रोल पुरेसे आहे ना, ते आधी पाहा, कारण आपण सीएनजीवाले नेमके तेथेच कंजूषी करतो. शेवटी रिड्यूसरच्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहा. इंजिन तापल्यावर दोन्ही गरम लागले पाहिजेत. एक गरम आणि एक गार असेल, तर हवा अजून आत आहे.

नट_बोल्ट (सांगली)

हवेबद्दल मीच लिहायला हवे होते, ते राहून गेले. भरताना बारीक धार धरा आणि मधूनमधून दोन्ही होज हाताने दाबत राहा, म्हणजे बुडबुडे वर येतील. गाडीचे तोंड थोडे वर राहील अशा उतारावर ती उभी केल्यास उत्तम. पुढची चाके जॅकवर घेतली तर खाली स्टँड आणि मागच्या चाकांना दगड असल्याशिवाय गाडीखाली वाकू नये. झाकण उघडे ठेवून, हीटर गरमवर ठेवून इंजिन संथ चालवा. पातळी खाली जाईल तसतसे भरत राहा. थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम उतरते, त्याला घाबरू नका. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा येऊ लागली, की इंजिन बंद करून झाकण लावा.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. त्याच्याभोवती हवा किंवा वाफ असेल, तर इंजिन भट्टीसारखे तापले तरी दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही. म्हणून पहिल्या दिवशी फक्त दिव्यावर विसंबू नका. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) असेल तर तापमानाचा आकडा पाहत राहा, आणि नसेल तर हीटरच्या हवेवर लक्ष ठेवा. इंजिन तापलेले असताना ती हवा अचानक गार झाली, तर गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी.

काढलेल्या जुन्या कूलंटविषयीही सांगितले पाहिजे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. सोसायटीतली कुत्री-मांजरी ते चाटतात आणि मरतात. घमेले उघडे ठेवून चहाला वर जाऊ नका. फरशीवर सांडलेले लगेच भरपूर पाण्याने धुवा. निघालेले द्रव झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर ठळक अक्षरांत लिहून, वापरलेले ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या, पण ऑइलमध्ये मिसळू नका. पावसाच्या पाण्याच्या गटारात ओतल्यास ते थेट नाल्यात जाते. शीतपेयाच्या बाटलीत तर ते कधीही भरू नये.

घाटवाट (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काम शनिवारी सकाळी सुरू केले आणि सोमवारी संध्याकाळी संपले. दोन दिवस पुरतील हा माझा अंदाज चुकला, कारण इंजिन निवायला प्रत्येक वेळी अडीच-तीन तास लागले आणि तेवढा वेळ नुसते बसून राहावे लागले.

आधी गळती शोधली. वॉटर पंप आणि होज कोरडे निघाले, ऑइलची पट्टी स्वच्छ होती आणि बुडबुडेही नव्हते. झाकणाचे रबर मात्र एका बाजूला चिरलेले होते. नवीन झाकण बसवले. पातळी त्यामुळेच उतरत होती की काय, ते एक-दोन महिन्यांत कळेल.

पहिल्यांदा २ लिटर ३०० मिलिलिटर निघाले. रंग विटकरी, आणि घमेल्याच्या तळाशी बारीक रेतीसारखा गाळ. दुसऱ्या फेरीचे पाणी फिकट चहासारखे होते, तिसऱ्याचे पिवळसर. चौथ्या फेरीचे पाणी काचेच्या पेल्यात धरून खिडकीसमोर पाहिले तर अगदी किंचित झाक उरली होती, म्हणून डिस्टिल्ड पाण्याची एक पाचवी फेरीही केली. नट_बोल्ट काका ती अनावश्यक म्हणतील, पण मन मानेना. टाकी काढून आतून बाटली धुण्याच्या ब्रशने घासली. त्यातला गाळ इतर सगळ्यापेक्षा जास्त होता.

शेवटच्या भरणीत माझी एक गल्लत होता होता राहिली. दुकानदाराने घट्ट म्हणून दिलेल्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तयार मिश्रण, पाणी मिसळू नये, असे लिहिलेले होते. आपण आधी सांगितले नसते, तर मी तोच ओतला असता. तो बदलून आणला. मॅन्युअलमधल्या क्षमतेच्या निम्मे घट्ट कूलंट मोजून ओतले आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरली. एका मित्राकडे रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणारे उपकरण) आहे. गाडी दोन दिवस चालवल्यावर त्यावर थेंब टाकून पाहिला, तेव्हा प्रमाण ४६ टक्के निघाले.

सीएनजीचे मात्र गॅसवर_स्वार यांनी लिहिले तसेच झाले. इंजिन पूर्ण तापूनही रिड्यूसरचा एक पाइप गारच होता. इंजिन रात्रभर निवू दिले आणि सकाळी वरचा क्लॅम्प सैल केला. बराच वेळ हवा आली, मग निळे कूलंट आले. त्यानंतर रेडिएटरमध्ये सुमारे पाव लिटर मिश्रण आणखी मावले. म्हणजे तेवढी हवा तेथे अडकलेली होती.

नट_बोल्ट (सांगली)

४६ टक्के म्हणजे हिशेब जमला. पाचव्या फेरीबद्दल काही म्हणत नाही, पाणी तुमचे आणि वेळही तुमचा. पुढचे आठ दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर टाकीतली पातळी पाहत जा. ती थोडी उतरेल, कारण उरलेसुरले बुडबुडे बाहेर पडतात. त्यासाठी त्याच मिश्रणाची एक लिटरची बाटली तयार करून, त्यावर नाव आणि तारीख लिहून, गाडीच्या डिकीत ठेवा, म्हणजे मार्चमध्ये पुन्हा टँकरच्या पाण्याकडे हात जाणार नाही. होज काढून परत बसवला आहे, तेव्हा शंभरएक किलोमीटरनंतर त्याचा क्लॅम्प एकदा थंड इंजिनावर तपासून घ्यावा.